सफायरची काच हातोडीने तपासू नका

‘खरी सफायर काच हातोडीनेही फुटत नाही, म्हणून घड्याळ एकदा ठोकून खात्री करून घ्या’ असे घड्याळांवरच्या सफायर काचेबद्दल (म्हणजे भट्टीत वाढवलेल्या नीलमजातीच्या स्फटिकाच्या काचेबद्दल) सांगणारा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मामांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळावर तो प्रयोग केला. काचेचे तुकडे झाले, एक कपची मामींच्या पापणीला लागली, आणि तरीही मामांचा राग संदेशावर नसून ‘नकली माल देणाऱ्यां’वर आहे.

कठीणपणा म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध आणि चिवटपणा म्हणजे तडा पसरू न देण्याची ताकद. संदेश लिहिणाऱ्याने या दोहोंची सरमिसळ केली आहे. कठीणपणाच्या १ ते १० अशा मोह्स मापनात साधी काच साडेपाचच्या आसपास, वाळूतले क्वार्ट्झ ७ आणि सफायर ९ वर असल्यामुळे किल्ल्या, नाणी किंवा धूळ यांनी सफायरवर चरा उमटत नाही, एवढे मान्य करावे लागेल. पण घाव बसल्यावर सफायर वाकून मार पचवत नाही. काठावर बारीकसा टवका असला तरी तेथून तडा धावतो. ऐरणीवर घण सोसणारा हिरा दृष्टांतातच शोभतो. प्रत्यक्षात हिऱ्याचे कारागीर योग्य रेषेवर पाते टेकवून तो एका ठोक्यात दुभंगत आले आहेत.

‘नासाने शुक्रावर हिऱ्याची खिडकी पाठवली, कारण हिरा फुटत नाही’ हा त्याच संदेशातला पुढचा दाखला. खिडकी खरी, कारण खोटे. १९७८ च्या पायोनियर व्हीनस मोहिमेतील मोठ्या शोधयानाला नऊ खिडक्या होत्या. त्यांपैकी आठ सफायरच्या आणि केवळ एक हिऱ्याची. त्या एका खिडकीमागच्या उपकरणाला लांब तरंगलांबीचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण हवे होते आणि सफायर साधारण पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब तरंगलांबीचे किरण अडवते, म्हणून तेथे हिरा बसवावा लागला. शुक्राची भयंकर उष्णता आणि दाब सोसण्याचे काम उरलेल्या आठ जागी सफायरवरच सोपवले होते. तेथे हातोडी मारणारे मात्र कोणी नव्हते.

‘ही काच नीलम असल्याने शनी बाधतो’ याला उत्तर देण्याची गरज नाही. रसायन एकच, ॲल्युमिनियम ऑक्साइड. पण नीलमचा निळा रंग लोह आणि टायटॅनियमच्या अंशांमुळे येतो, तर घड्याळाची काच भट्टीत वाढवलेल्या रंगहीन स्फटिकातून कापलेली असते.

घड्याळजींनी रत्नपारख्यांचे यंत्र फुटलेल्या तुकड्याला टेकवून पाहिले. काच अस्सल सफायरच होती. नव्या काचेचे पैसे मामांनी भरले आहेत.