दहा ओळींची आदर्श मुलगी

आज बहिणीकडे गेले असता तिसरीत शिकणाऱ्या भाचीची इंग्रजीची वही हाती लागली आणि तेव्हापासून माझे डोके तापलेले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ‘मायसेल्फ’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. तिने आधी स्वतःच्या मनाने सुरुवात केली होती: ‘आय हॅव वन टूथ शेकिंग. आय अ‍ॅम स्लो इन ईटिंग. आय नॉट लाइक रनिंग.’ या तिन्ही ओळींवर लाल शाईची आडवी रेघ होती आणि खाली फळ्यावरून उतरवून घेतलेला मजकूर होता, ज्यानुसार ती एक चांगली मुलगी आहे, तिचे केस लांब आणि काळेभोर आहेत आणि मोठेपणी तिला डॉक्टर व्हायचे आहे. त्याला दहापैकी दहा गुण मिळाले आहेत. प्रत्यक्षात तिचे केस कानाखालीही उतरत नाहीत. मी विचारले तर शांतपणे म्हणाली, "अगं मावशी, ते वहीत तसंच लिहायचं असतं."

म्हणजे इंग्रजीत स्वतःविषयी सांगायचे झाले की स्वतःला बाजूला ठेवायचे, हे आठव्या वर्षीच तिच्या मनात पक्के बसले आहे, आणि त्याबद्दल आपण तिला पैकीच्या पैकी गुण दिले आहेत.

परक्या भाषेत सुरुवातीला काहीतरी साचा हाताशी लागतो आणि भरलेल्या वर्गात प्रत्येकाचे ऐकायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. मग ‘आय अ‍ॅम’, ‘आय हॅव’, ‘आय लाइक’, ‘आय कॅन’ एवढ्या चार सुरुवाती फळ्यावर लिहाव्यात आणि पुढची जागा मोकळी सोडावी. यातला ‘कॅन’ तर कर्ता कोणीही असला तरी बदलत नाही. ‘शी लाइक्स’मधला शेवटचा ‘एस’ मुलांच्या तोंडी फार उशिरा रुळतो, हे भाषेच्या अभ्यासकांनी १९७०च्या दशकातच दाखवून दिलेले आहे. स्वतःविषयी बोलताना तो लागतच नाही. इतकी सोय असलेला दुसरा विषय नाही, आणि नेमका तोच आपण पाठांतराला जुंपला आहे.

युरोपीय परिषदेने २००१ साली परकीय भाषा शिकणाऱ्यांसाठी सहा पातळ्यांची जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्या अगदी पहिल्या, म्हणजे ‘ए-वन’ पातळीत, शिकणाऱ्याला स्वतःची ओळख करून देता यावी आणि आपण कुठे राहतो, कोणाला ओळखतो, आपल्याजवळ काय आहे याविषयी प्रश्न विचारता यावेत व उत्तरे देता यावीत, अशी अपेक्षा आहे. त्यातच पुढे असेही म्हटले आहे की समोरचा माणूस सावकाश व स्पष्ट बोलणारा आणि मदत करायला तयार असावा. थोडक्यात, यात ऐकणाऱ्याच्याही वाट्याला काम आहे. आपल्याकडे मूल हाताची घडी घालून भिंतीकडे पाहत दहा ओळी एका दमात म्हणते आणि त्याला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारत नाही.

मी भाचीला फक्त "व्हिच टूथ?" एवढेच विचारले. तिने तोंड उघडले, बोट आत घातले, "धिस! नो, नो, धिस वन!" असे म्हणून दात हलवून दाखवला आणि मग स्वतःहून "नो पेन, ओन्ली शेकिंग" अशी पुस्तीही जोडली. ते संभाषण होते, आणि ते लाल रेघ मारलेल्या ओळीतूनच निघाले होते. लांब काळ्या केसांवर मी कोणता प्रश्न विचारणार होते?

त्याच वहीत विशेषणांचा एक छापील कागद चिकटवलेला होता. ‘टॉल, शॉर्ट, फॅट, थिन, फेअर, डार्क’ यांपैकी स्वतःला लागू पडणाऱ्या शब्दांभोवती गोल करायचा होता. कोणत्या मुलाला सगळ्या वर्गादेखत ‘फॅट’भोवती गोल करायला आवडेल, याचा विचार कागद छापणाऱ्याने केला असेल असे वाटत नाही. भाचीने सहाही शब्द कोरे सोडून समासात एक मांजर काढले होते. शाबास.

त्या शिक्षिकेवर माझा राग नाही. खरे तर थोडा आहे. पण वह्यांचा ढीग तपासताना ‘शेकिंग’वर थांबायला त्यांना कोणी वेळ दिला आहे, आणि सरळ न आलेली ओळ तशीच ठेवली तर पालक गप्प बसणार आहेत का? माझ्याच बहिणीने ती तीन वाक्ये पाहून "बरं झालं, टीचरनी सुधारलं" असे म्हटले होते. तिच्याशी मी जे बोलायचे ते बोलले आहे.

गुण द्यायचेच असतील, तर निम्मे तरी त्या ओळींसाठी ठेवावेत ज्या वर्गातल्या दुसऱ्या कोणालाही लागू पडणार नाहीत, आणि विसरलेला ‘डोन्ट’ पुढच्या आठवड्यात सावकाश सांगावा. नावे न लिहिता कागद गोळा करावेत, एकेक मोठ्याने वाचावा आणि हा कोण ते मुलांनी ओळखावे. या खेळात ऐकावे लागते, विचारावे लागते आणि खरे लिहावेही लागते, कारण सगळ्याच कागदांवर डॉक्टर होणारी चांगली मुलगी निघाली तर तो पहिल्या फेरीतच बंद पडतो.