वाढीव वेळ ही खिरापत नव्हे

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश आला. ‘सर्वसमावेशक शिक्षणा’च्या नावाखाली महाविद्यालये आणि विद्यापीठे पदव्यांची खिरापत वाटू लागली आहेत, असा त्याचा सूर होता आणि पुष्टीसाठी पाच मुद्दे दिले होते. परीक्षेतला वाढीव वेळ ही इतरांवर अन्यायकारक सवलत आहे. सर्वांना एकच परीक्षा हीच खरी समानता. उत्तर देण्याचे वेगवेगळे मार्ग ठेवले की दर्जा घसरतो. टिपणे आणि ध्वनिचित्रमुद्रणे आधीच हाती दिली की विद्यार्थी आळशी होतात. आणि सवलत मागणारे बहुतेक जण सोंग करतात. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडता आला नाही, कारण त्याच गटात माझी भाची आहे. तिला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी उत्तम असूनही वाचायला आणि लिहायला तिला जास्त वेळ लागतो, ती पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकते, आणि दोन दिवसांनी तिने मला विचारले, “मावशी, मी वाढीव वेळ घेतला तर ती फसवणूक होईल का?” मी स्वतः पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते, प्रश्नपत्रिका काढते आणि उत्तरपत्रिका तपासते. त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणे माझे कामच आहे.

संदेशातले सर्वांत टाळीखाऊ वाक्य पहिल्या मुद्द्याखाली होते: “शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण जादा अर्धा तास थांबत नाही, मग परीक्षेत तो कशाला?” हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटते, आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त नुकसान करते. शस्त्रक्रिया करण्याचे कौशल्य तीन तासांच्या लेखी परीक्षेत कोणीही तपासत नाही. ते वरिष्ठांच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष कामात, वर्षानुवर्षे तपासले जाते. शिवाय शस्त्रक्रियागृहात घाईलाच मोल असते ही समजूतही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-तपासणी यादी आणली, तिच्यात पहिला छेद घेण्यापूर्वी सगळ्या चमूने मुद्दाम थांबून रुग्ण कोण, जागा कोणती, शस्त्रक्रिया कोणती याची मोठ्याने खात्री करायची असते. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरण्यापूर्वीची आणि नंतरची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. ज्या कामाचा दाखला देऊन माझ्या भाचीला घाई शिकवली जाते आहे, त्या कामात थांबण्याचा नियम करावा लागला आहे.

पण उदाहरण बाजूला ठेवू, कारण मूळ प्रश्न मापनाचा आहे. मोजण्याच्या साधनात भलत्याच गोष्टीचा अंश मिसळला, तर आकडा कितीही नेमका दिसला तरी तो आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीचा नसतो, हे आम्ही पहिल्याच सत्रात शिकवतो. माझ्या प्रश्नपत्रिकेत विदा (डेटा, म्हणजे जमवलेली आकडेवारी) कशी वाचायची, कोणती चाचणी लावायची आणि निष्कर्ष किती ताणायचा हे तपासायचे असते. समजा, ती प्रश्नपत्रिका नुसती वाचून समजून घ्यायला एका विद्यार्थ्याला वीस मिनिटे लागतात आणि दुसऱ्याला पन्नास. दोघांचे संख्याशास्त्र सारखेच पक्के असले तरी दुसऱ्याचा शेवटचा प्रश्न कोरा राहतो, आणि गुणपत्रिकेवर मात्र ‘संख्याशास्त्र’ असेच छापले जाते. तीस मिनिटे जादा दिली की त्याला इतरांपेक्षा कोणताही अवाजवी लाभ मिळत नाही. माझ्या मापनातली चूक तेवढी दुरुस्त होते.

या विषयावर मानसशास्त्रज्ञ मॉर्टन ॲन गर्न्सबाकर आणि सहकाऱ्यांचा २०२० सालचा एक आढावा आहे आणि तो संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. वेळेची कडक मर्यादा असलेल्या परीक्षा कमी वैध (जे तपासायचे ते नीट न तपासणाऱ्या), कमी विश्वसनीय (निकालात सातत्य कमी असलेल्या), कमी समावेशक आणि कमी न्याय्य असतात, असे त्यांनी पूर्वीच्या संशोधनाच्या आधारे मांडले आहे. उत्तरपत्रिका आधी कोण देतो आणि गुण कोणाला जास्त मिळतात, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसल्याचे दाखवणारे कित्येक दशकांचे अभ्यास त्यात एकत्र आले आहेत. ‘लवकर लिहितो तो हुशार’ ही आपल्या परीक्षापद्धतीत खोल रुजलेली समजूत त्या पुराव्यापुढे टिकत नाही.

इथे संदेशातली एक गोष्ट मला मान्य करावी लागते, जरी ती मान्य करताना बरे वाटत नाही. वाढीव वेळ दिला तर अपंगत्व नसलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे गुणही वाढतात. या विषयावरील अभ्यासांचा जो आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हे दिसते, मात्र अपंग विद्यार्थ्यांना होणारा फायदा अधिक असल्याचेही त्यात दिसते. संदेशकर्त्याने यातून ‘म्हणून कोणालाच देऊ नका’ असा निष्कर्ष काढला. मी उलटा काढते. बहुतेकांना वेळ कमी पडत असेल, तर प्रश्नपत्रिका वेळेच्या मानाने लांब आहे. दोन तासांचे काम तीन तासांत करायला दिले, तर जादा वेळ मागण्याची गरजच पुष्कळ कमी होते, कोणाला अर्ज घेऊन दारोदार फिरावे लागत नाही आणि अन्यायाची तक्रारही उरत नाही. सर्वसमावेशक मूल्यमापनाची रचना म्हणजे नेमके हे: एकेकाला अपवाद करत बसण्यापेक्षा परीक्षाच आधी नीट आखणे. जिथे वेग हाच कौशल्याचा भाग आहे, उदाहरणार्थ समक्ष दुभाषाचे काम किंवा हृदय बंद पडलेल्या रुग्णावरचे प्रथमोपचार, तिथे वेग अभ्यासक्रमात उघडपणे लिहावा, शिकवावा आणि तपासावा. जो कधी शिकवलाच नाही, तो वेग घड्याळाच्या आडून तपासणे मला गैर वाटते.

‘एकच परीक्षा म्हणजे समानता’ या मुद्द्याला वरच्या विवेचनात उत्तर आलेलेच आहे. एवढेच सांगते की अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात, कलम २४ मध्ये, उच्च शिक्षणात इतरांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा यासाठी वाजवी सोयी पुरवण्याची जबाबदारी करार मान्य केलेल्या राष्ट्रांवर टाकली आहे. ती मेहेरबानी म्हणून लिहिलेली नाही, भेदभाव होऊ नये याची अट म्हणून लिहिलेली आहे.

दर्जा घसरण्याच्या मुद्द्यात गुणदानाचे निकष आणि उत्तराचे माध्यम यांची गल्लत आहे. निकष कायम ठेवून एखाद्याला निबंधाऐवजी तोंडी सादरीकरण करू दिले, तर युक्तिवाद तितकाच भक्कम लागतो. विषयच लेखनाचा असेल तर अर्थातच लेखन टाळता येणार नाही. समावेशक शिक्षणाच्या नावाने काही भोंगळ गोष्टीही खपवल्या गेल्या आहेत, हे मात्र खरे आहे. ‘दृश्य शिकणारे’ आणि ‘श्राव्य शिकणारे’ अशी विद्यार्थ्यांची वर्गवारी करून तसे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नसल्याचे मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवले आहे. ते खूळ सोडून द्यावे. पण त्याच्याबरोबर चांगल्या गोष्टी फेकून देऊ नयेत. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी-वर्गांत विद्यार्थ्यांना सतत प्रश्न सोडवायला लावणाऱ्या सक्रिय अध्यापनामुळे मागे राहिलेल्या गटांची इतरांशी असलेली दरी परीक्षेच्या गुणांत सुमारे ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यात सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२० च्या एका व्यापक विश्लेषणात आढळले आहे. त्यासाठी कोणाचेही निकष खाली आणावे लागले नाहीत.

टिपणे आणि मुद्रणे मिळाली की काही जण वर्गात येत नाहीत, हे मी पाहिले आहे. त्यावर उपाय वर्ग येण्याजोगा करणे हा आहे, मुद्रणे बंद करणे हा नव्हे. उदाहरणार्थ, चित्रफितीखालच्या मजकुराने (सबटायटल्सने) आकलन, लक्ष आणि स्मरण सुधारते हे दाखवणारे शंभराहून अधिक अभ्यास आहेत, आणि तो फायदा ऐकू येणाऱ्यांनाही होतो.

राहिला सोंगाचा मुद्दा, ज्याचा मला सर्वांत जास्त राग आला. सवलत मागायची म्हणजे तपासणी, प्रमाणपत्र, अर्ज, आणि मग प्रत्येक नव्या शिक्षकासमोर स्वतःची अडचण पुन्हा उलगडून सांगणे. एवढे करून परीक्षागृहात वेगळ्या खोलीत बसल्यावर बाकीचे काय म्हणतील याची धास्ती असतेच. कोणी लबाडी करत नाही असे माझे म्हणणे नाही. पण जे मागतात त्यांच्यावर संशय घेणारा संदेश सर्वांत आधी त्यांना गाठतो, ज्यांना मागायचे आहे आणि धीर होत नाही. माझ्या भाचीने अर्ज भरून ठेवला होता. संदेश आल्यापासून तो तिच्या वहीत तसाच घडी घालून पडला आहे, आणि मुदत येत्या शुक्रवारी संपते. हे उत्तर मी त्याच गटावर टाकते आहे, तिच्या नजरेला पडेल अशा बेताने, शुक्रवारच्या आत.