दस्त्याला लोखंडी पट्टी ठोकण्याआधी

“जुन्या भारी रायफलीचा लाकडी दस्ता तडकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या स्क्रूने आवळा, लाकडाला तेल भरपूर पाजा, मागे जाड रबरी पॅड लावा. कोणताही सुतार करून देईल.” मुंबईतल्या परवानाधारकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा मजकूर फिरतोय, सोबत तारेने गुंडाळलेल्या ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलीचा फोटो. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार संपत गेली, पण आजोबांची .३७५ मॅग्नम ही भारी शिकारी रायफल जपून ठेवलेली घरं इथे अजून आहेत. त्यांनी हा सल्ला ऐकला तर उत्तम अक्रोडाचं लाकूड हकनाक वाया जाईल.

आधी पट्ट्या. चीर बाहेरून पडतच नाही. गोळी सुटली की नळी आणि अ‍ॅक्शन, म्हणजे नळीमागची काडतूस भरण्याची-झाडण्याची पोलादी यंत्रणा, मागे रेटली जाते, आणि तो सगळा रेटा अ‍ॅक्शनखालचा पोलादी खुंट, म्हणजे रिकॉइल लग, लाकडावर टाकतो. .३७५चा धक्का तीस-शून्य-सहा (.३०-०६) या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या जवळपास दुप्पट असतो. लग एकाच कोपऱ्यावर टेकत असेल तर तिथलं लाकूड चेपतं, अ‍ॅक्शन केसभर मागे सरकते, आणि मॅगझिन व ट्रिगर यांच्यामधल्या पातळ लाकडाला ठोसा बसतो. मागचं शेपूट, म्हणजे टँग, तर पाचरीसारखं दस्त्याच्या बारीक भागात घुसतं. बाहेरची पट्टी यातलं काहीच थांबवत नाही. उलट मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, लोखंड फुगत नाही. स्क्रूच्या भोकांच्या रांगेतूनच नवी चीर निघते.

खरा उपाय आत आहे. लगच्या मागे आणि मॅगझिन-ट्रिगरमधल्या त्या पातळ भागातून आडवे क्रॉसबोल्ट, लगच्या मागे काचतंतू मिसळलेल्या इपॉक्सीचं बेडिंग, म्हणजे लगचा पूर्ण पृष्ठभाग सारखा टेकेल असा थर, आणि टँगच्या मागे मुद्दाम ठेवलेली बारीक फट. हे ज्ञान जुनंच आहे. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो रायफल कारखान्याने अक्रोडाऐवजी मऊ स्थानिक लाकूड वापरलं, तेव्हा धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या चकत्या बसवल्या. आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलींच्या पुढच्या लाकडातही फाटू नये म्हणून आडवा स्क्रू असतो. दोन्ही ठिकाणी इलाज केला तो रेटा बसतो तिथे.

फोटो खरा आहे, अर्थ खोटा. तारेने बांधलेल्या त्या रायफली ग्रेनेड फेकण्यासाठी वेगळ्या काढलेल्या असत. त्या कामाचा ताण नेहमीच्या गोळीपेक्षा फार मोठा. नळी फुटलीच तर तुकडे आवरावेत, हाही तारेचा हेतू. शिकारी रायफलीशी तिचा संबंध नाही.

तेलाबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. जवसाच्या तेलाचा पातळ हात बाहेरून दमटपणा अडवतो, तेवढं ठीक. पण लाकडात मुरलेलं तेल ते मऊ करतं. कित्येक घरांत बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी असते. अ‍ॅक्शनचं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं आणि टँगमागचं लाकूड काळं पडतं. तिथे नंतर इपॉक्सीही धरत नाही. आधी ते तेल ओढून काढावं लागतं. म्हणून तेल दिल्यावर नळी खाली करून ठेवा.

रबरी पॅड खांद्यासाठी चांगलाच. पण गोळी नळीत एक-दोन मिलिसेकंदच असते, आणि लगचा मोठा रेटा तेवढ्यातच लाकडावर बसून गेलेला असतो. पॅड दबायला लागतो त्यानंतर.

राहिला “कोणताही सुतार”. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, म्हणजे ओळखीच्या सुताराला तुम्ही गोत्यात आणाल. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा आणि अ‍ॅक्शन उतरवून लगच्या मागचं व टँगमागचं लाकूड तुमच्यासमोर दाखवायला सांगा. केसाएवढी चीर दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नका.