पाळीत धमन्या ‘दगड’ होतात म्हणे!

नागपुरात अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज पडला. दोन दिवसांत तोच मेसेज मैत्रिणीकडून आला, एका विद्यार्थिनीकडून आला, आणि वहिनीकडूनही. मजकूर थोडक्यात असा: पाळीच्या चार दिवसांत बाईच्या धमन्या दगडासारख्या कडक होतात, तेव्हा चालू नये, जिना चढू नये, बीपी मोजू नये, शास्त्रज्ञही हे दिवस वेगळे काढतात, आणि गोळी घेऊन पाळी पुढे ढकलली की धमन्यांना आराम मिळतो. मी फिजिओलॉजी शिकवते, त्यामुळे विचारणा माझ्याकडे. “काहून बाप्पा, इतकी वर्षं चाललो ते चुकलंच का मग?” असं एकीने लिहिलं.

आधी त्या दगडाचं बघू. धमनी किती कडक आहे हे नाडीच्या लाटेच्या वेगावरून कळतं. मानेजवळची नाडी आणि जांघेतली नाडी धरायची, हृदयाच्या ठोक्याची लाट दोन्हीकडे किती मिलिसेकंदांच्या फरकाने पोचली ते यंत्र सांगतं, मधलं अंतर आपण टेपने मोजायचं. नळी जितकी कडक, तितकी लाट वेगात. धडधाकट विशीतल्या मुलीत हा वेग सेकंदाला साधारण 6 मीटर असतो. 10 च्या वर गेला की डॉक्टर दखल घेतात. पाळीच्या महिनाभराच्या चक्रातल्या निरनिराळ्या टप्प्यांत निरोगी बायकांची अशी मोजणी बरेचदा झाली आहे. काहींना अंडं सुटण्याच्या सुमारास मानेतली धमनी जरा लवचीक दिसली, काहींना मोठ्या धमनीत फरकच दिसला नाही. जो दिसला तो किती? टेपचं अंतर 50 सेंटिमीटर धरा आणि त्यात 2 सेंटिमीटरची चूक करा, 6 चे 6.24 होतात. विद्यार्थी प्रॅक्टिकलला याहून मोठ्या चुका करतात. इतक्या बारीक फरकाला कुणी दगड म्हणत असेल तर काय बोलायचं!

मेसेजमध्ये अर्धं खरं एक आहे. पाळीच्या दिवसांत इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं. ते वाढलं की धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं आणि भिंतीतला स्नायू सैलावतो. पण हा सैलपणा तासादिवसांचा खेळ आहे. धमनी खरोखर कडक होते ती भिंतीतलं इलॅस्टिन (लवचीक प्रथिन) झिजून आणि कोलॅजन (ताठ प्रथिन) वाढून, आणि त्याला वर्षंच्या वर्षं लागतात. 28 दिवसांत दगड होऊन परत मऊ होणारी भिंत नसते.

चालणं, जिना: पोट दुखत असेल, रक्तस्राव जास्त असेल, तर झोपा की खुशाल. धमनीचं नाव कशाला?

बीपी मात्र त्या दिवसांतही मोजा. पाळीमुळे पडलाच तर फरक दोनचार आकड्यांचा. त्याहून जास्त नुसता जिना चढून आल्याने पडतो. मागच्या मे महिन्यात एक मुलगी दोन जिने चढून घामेजलेली लॅबमध्ये आली, वरचा आकडा 132. कूलरपाशी दहा मिनिटं बसवली, 114. पाळीत 150 दिसलं आणि ‘त्या दिवसांचं आहे’ म्हणून सोडून दिलं, तर चुकतं ते इथे.

“शास्त्रज्ञ हे दिवस वेगळे काढतात” हे वाक्य वाचून मात्र मला राग आला. काढतात ते खरं. पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन्स खाली असतात, म्हणून सगळ्या बायकांना त्याच दिवसांत बोलावलं की आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. वजन रोज उपाशीपोटी करतो ना, तसंच. यात धोक्याचा संबंध नाही. उलट ‘बायकांची हार्मोन्स बदलतात, गर्भ राहू शकतो’ अशी कारणं सांगून बायकांना अभ्यासांतूनच वगळलं गेलं. अमेरिकेत 1977 च्या नियमावलीने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवलं, ते 1993 पर्यंत. आपल्याबद्दलची माहिती तोकडी का, याचं एक कारण तिथे आहे.

राहिली गोळी. महालक्ष्म्या जवळ आल्या की नागपुरातल्या मेडिकलवाल्यांकडे या गोळ्यांची विचारणा वाढते, हे कुठलीही बाई सांगेल. गोळीत असतं नॉरएथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन, बहुधा 5 मिलिग्रॅमचं, दिवसातून तीनदा. तिने धमन्यांना आराम वगैरे मिळत नाही. त्यातला थोडा अंश शरीरात कृत्रिम इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि ज्यांना आधी रक्ताची गुठळी झाली आहे त्यांना ही गोळी देत नाहीत. बाकीच्यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

वहिनीला दुसऱ्या बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती. तिने पाठवलेल्या मेसेजखाली एक ओळ तिची स्वतःची होती: “महालक्ष्म्यांच्या किती दिवस आधी सुरू करायची गं?” बाकी सगळ्यांना मी लिहून उत्तर दिलं. तिला लगेच फोन लावला.