क्रूसावरची संस्कृत अक्षरे

नगरहून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये हल्ली धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय निघतो. माझ्या थोरल्या काकांनी आयुष्यभर शाळेत मराठी व्याकरण शिकवले. त्यांना परवा ओळखीच्याच एका गृहस्थाने भर बाजारात विचारले, ‘तुमचा धर्म तर तिकडचा, मग तुम्ही इकडचे कसे?’ काकांनी ते सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ‘आपली पाचवी पिढी या मातीत पुरली जाणार आहे, पोरी,’ एवढेच ते म्हणाले.

इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या लहानशा गावात, मला नेमका उलटा प्रश्न विचारला जातो. पहिल्याच रविवारी उपासनेनंतर चहा घेताना एका प्रेमळ आजींनी मी ‘इथे आल्यावर’ ख्रिस्ती झाले का, अशी चौकशी केली. दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की ख्रिस्ती श्रद्धा गोऱ्या लोकांच्या मालकीची असून आम्ही ती उसनी घेतली आहे. ही समजूत मला दोन्हीकडे सारखीच अमान्य आहे, आणि ती खोडून काढण्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. बसने वाँटेजला गेले तरी पुरते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी त्या गावी झाला. सोबत त्यांची लहानगी मुलगी मनोरमा होती. परक्या देशात आश्रय देणाऱ्या मठातल्या भगिनींचे ऋण त्यांच्यावर होते, तरीही त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि धर्मगुरूंच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मान्य करण्यास आपण बांधील नाही, असे स्पष्ट लिहून कळवले. गळ्यातल्या क्रूसावर अक्षरे कोरायचीच असतील तर ती लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर ती आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे म्हणून. शिवाय लॅटिन त्यांना स्वतःला येत नव्हते आणि त्यांच्या बहुतेक देशभगिनींनाही येत नव्हते. नव्या देशात रुळणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर मला कुठे सापडलेले नाही. त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले, पण त्याच्याबरोबर आलेले इंग्रजी सामान तपासून घेतले. याची किंमत त्यांनी दोन्हीकडे मोजली: इथे त्यांना अहंकारी ठरवले गेले, आणि 1893 मध्ये त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेतून पुण्यातल्या पालकांनी धर्मांतराच्या संशयाने आपल्या मुली काढून घेतल्या.

शेजारच्या विल्टशायरमधून गोव्यात गेलेल्या थॉमस स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूंनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस उलटा प्रवास केला होता. त्यांनी मराठी आत्मसात करून तिच्यात ओव्या रचल्या, आणि 1616 साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. चारशे वर्षांपूर्वी ज्या श्रद्धेला ओवीचा छंद सापडला, ती आजही ‘तिकडची’ कशी?

फसवणूक, धमकी आणि आमिष यांना माझा विरोध आहे, आणि फसवणूक व धमकी हे गुन्हे आधीपासूनच आहेत. परंतु काही राज्यांत धर्म बदलण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. माणसाच्या प्रार्थनेची अशी आगाऊ नोंद घेणे मला राज्यघटनेच्या कलम 25 मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याशी विसंगत वाटते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी होते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 पासून उभे आहे, तिथला गणेशोत्सव पाहून मलाही भरून येते, आणि त्या भक्तांनी आपली श्रद्धा पुसून टाकावी असे कोणी म्हटले तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन. इथे आपल्याला जे हक्काने हवे असते, ते नगरच्या माझ्या काकांना मिळावे, एवढीच माझी मागणी आहे.

आमच्या ख्रिस्ती मंडळीलाही मला काही सांगायचे आहे. घरी गेले की तरुण मुले इंग्रजी उपासनेला गर्दी करताना दिसतात, आणि तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगणाऱ्या नारायण वामन टिळकांची भजने म्हाताऱ्यांपुरती उरतात. इंग्रजी म्हणजे अधिक पवित्र, असे मानणारा पाळक आणि ख्रिस्ती म्हणजे परका, असे मानणारा शेजारी नकळत एकमेकांना दुजोरा देतात. ज्या इंग्लंडकडे आम्ही डोळे लावतो, तिथे (वेल्स धरून) तर 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे निम्म्याहून कमी, 46.2 टक्के भरले. आमच्या गावातल्या बाकांवर आता केरळ आणि नायजेरियातून आलेली कुटुंबे बसतात.

यंदा पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्य पवित्र आत्म्याने निरनिराळ्या भाषांत बोलू लागल्याच्या सणाच्या, रविवारी प्रत्येकाने प्रभूची प्रार्थना आपापल्या भाषेत म्हणावी, असे ठरले. मी मराठीत म्हटली. उपासनेनंतर त्याच आजींनी, ‘ब्रेड’साठी तू कोणता शब्द वापरलास, असे विचारले. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे,’ असे आम्ही म्हणतो, हे मी त्यांना सांगितले आणि भाकर म्हणजे काय, तेही समजावले. पुढच्या रविवारी ज्वारीचे पीठ मळून चार भाकरी थापल्या आणि कापडात गुंडाळून घेऊन गेले. आजींनी पहिला तुकडा मोडला, आणि तो शब्द दोनदा माझ्याकडून म्हणून घेतला.