फोटो ड्रम रिव्हॉल्व्हचा, भांडण संडासाचं

आपल्याकडचा एखादा नट इथे लंडनला आला की थेम्सकाठच्या साउथबँकवर नॅशनल थिएटरची बॅकस्टेज टूर करतो आणि फोटो टाकतो. पुढचं भांडण आता पाठ झालंय. एक बाजू म्हणते, बघा, नाहीतर आमची नाट्यगृहं: मेकअपरूममध्ये डास, संडासात पाणी नाही. दुसरी म्हणते, त्यांच्याकडे पैसा आहे हो, कला आपल्याकडे. यंदाही तेच चाललंय. डासांची आणि संडासाची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण नळाला पाणी यावं म्हणून लंडनचा दाखला कशाला लागतो?

फोटो बहुधा ऑलिव्हिए या तिथल्या मोठ्या नाट्यगृहातल्या ड्रम रिव्हॉल्व्हचा असतो. रंगमंचाखाली पाच मजले खोल, फिरता, आत लिफ्ट, अख्खा सेट खालून वर येतो. थिएटर १९७६ मध्ये उघडलं आणि पुढे बरीच वर्षं हे यंत्र धड चालत नव्हतं, ते मात्र फोटोखाली कुणी लिहीत नाही. शिवाय नॅशनलला सरकारी अनुदान आहे. तुलना करायचीच तर शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या खासगी थिएटरांशी करा. शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारती, अरुंद जिने चढून वर ड्रेसिंगरूम, उंदीर, आणि इंटरव्हलला बायकांच्या टॉयलेटची रांग पार बारपर्यंत. तिथल्याच अपोलोत डिसेंबर २०१३ मध्ये चालू प्रयोगात छताचं प्लास्टर प्रेक्षकांवर कोसळलं, सत्तर-ऐंशी माणसं जखमी झाली. थिएटर १९०१ चं. छत लाकडी सांगाड्याला टांगलेलं, आणि टांगलेलं कशाने, तर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांनी. त्या पट्ट्यांतला जोर गेला होता, खालून कुणाला दिसण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर अशी छतं जाणकारांकडून वरच्या बाजूने तपासून घेण्याचे नियम कडक झाले. इथली शिस्त जन्मजात नाही, बहुतेक नियमांमागे एकेक अपघात आहे.

फोटोत कधीच न येणारी वस्तू म्हणजे आयर्न, रंगमंचापुढचा आगपडदा. १८८७ मध्ये इंग्लंडमधल्या एक्सटरच्या थिएटर रॉयलला आग लागली, १८६ माणसं गेली. त्यानंतर रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये पडणारा हा आगरोधक पडदा इथे अटळ झाला. आग बहुधा रंगमंचाच्या बाजूला लागते, कारण दिवे, कापड आणि लाकूड तिकडे असतं. पडदा खाली आला की प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत धूर पलीकडे थोपवला जातो. तो नुसता असून भागत नाही. प्रयोगात एकदा, बहुधा इंटरव्हलला, प्रेक्षकांदेखत खाली आणतात. अडकला तर प्रयोग थांबतो. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तेव्हा सगळी चर्चा वास्तू पूर्वीसारखी दिसणार का यावर झाली. आयर्नबद्दल कुणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

खरा फरक यंत्रात नाही, माणसांत आहे. प्रतिभेबितिभेबद्दल बोलत नाहीये. इथे थिएटरची स्वतःची तांत्रिक माणसं असतात आणि इमारत त्यांच्या हाताखालची असते. काउंटरवेटचंच घ्या, म्हणजे रंगमंचावरचं सामान वजनांच्या तोलावर वर-खाली करायची सोय. आधी बार, म्हणजे टांगलेली आडवी नळी, खाली असताना त्यावर पडदा किंवा दिवे बांधायचे, मग वरच्या गॅलरीतून दोराच्या दुसऱ्या टोकाच्या पाळण्यात तेवढ्याच भाराची वजनं भरायची. उतरवताना उलट: आधी वजनं काढायची, मग सामान सोडायचं. घाईत क्रम चुकला की पाळणा जड होतो, खाली धाव घेतो आणि बार सुसाट वर जातो. मग दोराला हात घालणाऱ्याची सालटी निघतात. म्हणून फ्लायफ्लोअरवर, म्हणजे हे दोर ओढायच्या जागी, परक्या माणसाला हात लावू देत नाहीत.

दुसरी गोष्ट शो रिपोर्ट. प्रत्येक प्रयोगानंतर स्टेज मॅनेजर एक पानभर लिहितो: पहिला अंक किती मिनिटं चालला, डावीकडचा दरवाजा अडकला, अमुक इशाऱ्याला दिवा लागला नाही, कोण पायऱ्यांवर घसरलं. रात्रीच तो सुतारापासून कपडेपटापर्यंत सगळ्यांकडे जातो. दुसऱ्या दिवशी हाफच्या, म्हणजे नटांनी हजर व्हायच्या वेळेच्या, आधी काय दुरुस्त झालं आणि काय नाही, याला नावानिशी उत्तर असतं. याला अनुदान लागत नाही.

आपल्याकडे नाट्यगृह तीन सत्रांत भाड्याने जातं. दुपारच्या नाटकाचा सेट निघतोय तोवर रात्रीचा टेम्पो दारात. तास-दीड तासात फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, उभे, झालरी वर, स्पॉट फोकस करून तिसऱ्या घंटेला तयार! इथे त्याच कामाला काही दिवस देतात आणि तरी कुरकुर करतात. आपल्या बॅकस्टेजवाल्यांइतकी चपळ माणसं मी इथे पाहिली नाहीत, हे मी कुठल्याही गोऱ्याला छातीठोकपणे सांगेन. पण ती नाटकाची माणसं, रात्री बसमध्ये बसून पुढच्या गावी जाणारी. तुटलेला हुक कुणाला सांगायचा? पुढच्या सत्रातल्या माणसाला तो स्वतःच शोधावा लागतो, कधी डोक्यावर पडल्यावर.

एवढं लिहिणाऱ्याचा कौन्सिल टॅक्स लंडनमधल्या लॅम्बेथला जातो, पुणे महापालिकेला नाही, हे मान्य. इथल्या उंदरांना मी हेरिटेज म्हणून हसतो आणि बालगंधर्वच्या डासांवर चिडतो, हेही. इथलं एखादं थिएटर बंद पडलं तर मी तिकिटाचे पैसे परत घेईन आणि विसरेन. बालगंधर्व पाडून नवं बांधायची चर्चा निघाली की मात्र जीव वरखाली होतो. मी तिथे वर्षानुवर्षं तिकीट काढलेलं नाही, पण ते आहे तसंच उभं राहावं असं मला वाटतं. तिथे रोज टेम्पो उतरवणाऱ्यांना काय वाटतं ते विचारायला मी गेलेलो नाही.

तेव्हा पुढच्या टूरला येणाऱ्यांना एवढंच सुचवतो, ड्रम सोडा आणि मागचं दार बघा. ट्रकचा फाळका पाडला की तो रंगमंचाच्या पातळीला लागतो का, उंच फ्लॅट आडवा न करता आत जातो का, फ्लायफ्लोअरची किल्ली कुणाकडे असते, रिपोर्ट कुणाला जातो. फोटो त्या दाराचा काढा आणि नवीन नाट्यगृहाचा आराखडा मंजूर करणाऱ्यांना नेऊन दाखवा, संगमरवराची निविदा निघायच्या आधी.