'लहान पक्ष्याला लहान पिंजरा' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

परवा नाशिकहून ताईचा फोन आला. भाचीला नववं वर्ष लागलं म्हणून दोन बजी, म्हणजे छोटे पोपट, आणलेत, एक निळा, एक पिवळा. पिंजरा कसा घ्यायचा ते मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, निदान तीन फूट लांब. तरी तिने सव्वा फुटाचा गोल पिंजरा आणला. "अगं, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय, एवढ्याशा पक्ष्याला मोठा पिंजरा दिला तर तो भेदरतो. दुकानदारही तेच म्हणाला." मग तिने तो मेसेज मला पाठवला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे किती जणांकडून फिरून आलाय देव जाणे. महिन्याभरात माझ्याकडे आलेला हा तिसरा. आधीच्या दोन वेळी मी गप्प बसले. आता तो माझ्या भाचीच्या घरात शिरलाय, म्हणून लिहिते आहे.

मेसेजचं नाव 'लव्हबर्ड पाळणाऱ्यांसाठी ७ सोन्याचे नियम'. सांगतो काय, तर पिंजरा एक-सव्वा फुटाचा पुरे, मोठ्या पिंजऱ्यात पक्षी घाबरतो आणि माणसाळत नाही. पिंजरा गोल आणि उंच असावा. तो स्वयंपाकघरात ठेवावा, पक्ष्याला ऊब मिळते. आत मडकं टांगावं, नाहीतर पक्षी झोपत नाहीत. आरसा लावावा. दांडीला सँडपेपर गुंडाळावा, म्हणजे नखं कापावी लागत नाहीत. आणि रात्री पिंजरा जाड चादरीने पूर्ण झाकावा.

आधी नावाचं बघू, कारण पुढचा बराच गोंधळ तिथूनच येतो. आपल्याकडे पक्षीबाजारात बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे, दणकट चोचीचे. बजी, म्हणजे बजरीगर, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. तिथे तो एका जागी राहत नाही. जिकडे पाऊस पडला, गवताला बी धरलं, पाणी साठलं, तिकडे थवेच्या थवे उडत जातात. १८४० मध्ये जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने जिवंत बजी इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या घरांत पोचले. पिंजऱ्यात जन्मलेल्या आपल्या बजीने ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही, पण त्याचे पंख आणि छातीचे स्नायू त्या थव्यातल्या पक्ष्याचेच आहेत.

आता पहिला नियम, सव्वा फुटाचा. या मेसेजमधली सगळ्यात बिनबुडाची गोष्ट हीच, आणि लोक नेमकी हीच पाळतात कारण ती स्वस्तात पडते. घरात टेप असेल तर मोजून बघा. बजी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर, वजन ३० ते ४० ग्रॅम. 'एवढासा' दिसतो तो पंख मिटलेले असताना. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास एक फूट होतं. सव्वा फुटाच्या पिंजऱ्यात दोन पक्षी, दोन दांड्या, दाण्याची वाटी, पाण्याची वाटी, मडकं आणि आरसा. पंख पसरायला जागा कुठे उरली? त्यात पक्षी उड्या मारतो, जाळीला लटकतो, आणि लोकांना वाटतं खेळतोय.

बजी सरळ पुढे उडतो. त्याला अंतर लागतं, म्हणून पिंजऱ्याची लांबी महत्त्वाची. जोडीसाठी मी तीन फूट लांब, दीड फूट खोल आणि दीड ते दोन फूट उंच असा पिंजरा सांगते. दोन टोकांना एकेक दांडी लावायची आणि मधली जागा मोकळी सोडायची. तेवढ्यात पक्षी चार-पाच वेळा पंख मारून पलीकडे जातो, वळतो, परत येतो. माझी जोडी सकाळी पहिला अर्धा तास हेच करते. ज्यांना हे करायला मिळत नाही ते चरबी धरतात. बजी मुळातच लठ्ठपणाकडे झुकणारा पक्षी, त्याच्या छातीवर-पोटावर चरबीच्या गाठी होतात. त्यात नुसतं राळं आणि बाजरी, हिरवं काही नाही. असे पक्षी निम्म्या आयुष्यात जातात आणि मालक म्हणतो, "नाजूक जात हो."

ज्यांना माझ्या टेपवर विश्वास नाही त्यांनी कायदा बघावा. १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, कलम ११, पोटकलम १, खंड ई. ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला हालचालीची वाजवी संधी देण्याइतकी नाही, त्यात त्याला ठेवणं ही क्रूरता आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. उंची, लांबी, रुंदी तिन्ही. आणि 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे, त्यामुळे 'हा तर पक्षी' ही पळवाट नाही. हा विषय संसदेत लावून धरला भरतनाट्यम नर्तिका आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी, पन्नासच्या दशकात. कायद्यातला दंड पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, त्यामुळे कुणी घाबरत नाही हे मला माहीत आहे. पण उडणाऱ्या जिवाला 'हालचालीची वाजवी संधी' म्हणजे काय, याचं उत्तर 'सव्वा फूट' असं देऊन दाखवावं कुणीतरी.

'मोठ्या पिंजऱ्यात माणसाळत नाही' यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. बागेतल्या खोलीएवढ्या पक्षीघरात सोडलेला बजी माणसाजवळ लवकर येत नाही. आजारी पक्ष्यालाही डॉक्टर काही दिवस लहान पिंजऱ्यात ठेवायला सांगतात, त्याची ताकद वाचावी आणि विष्ठा नीट बघता यावी म्हणून. आणि दुकानातून आणलेला नवा पक्षी पहिले काही दिवस कोपऱ्यात फुगून, गप्प बसतो, मग पिंजरा कितीही मोठा असो वा लहान. पण तीन फुटांचा पिंजरा म्हणजे काही पक्षीघर नव्हे. सव्वा फुटाच्या पिंजऱ्यात मात्र हात आत गेला की सगळी जागा त्या हातानेच भरून जाते आणि पळायला वाव नसल्यामुळे पक्षी बोटावर चढतो. त्याला लोक माणसाळणं म्हणतात. माझ्या पिवळीला पाच आठवडे लागले. रोज पंधरा मिनिटं पिंजऱ्याशेजारी बसायचं, हातात राळ्याचं कणीस धरायचं, बाकी काही करायचं नाही. ती आली तेव्हा मागे जायला अडीच फूट जागा होती, तरी आली.

फ्लॅटमध्ये जागा कुठे, हा ताईचा पुढचा प्रश्न. तीन फूट बाय दीड फूट म्हणजे चपलांच्या कपाटाचा माथा. तिथे ठेवता येतो, एक बाजू भिंतीला लावून.

स्वयंपाकघराच्या नियमावर मी शांतपणे लिहू शकत नाही. २०१४ मध्ये माझी पहिली जोडी स्वयंपाकघरातच होती. मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. एका दुपारी घावन करायला नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि दारावर आलेल्या माणसाशी बोलत राहिले. तवा रिकामाच तापत राहिला. मला वाससुद्धा आला नाही. परत आले तर हिरवा तळाशी पडला होता आणि मादी चोच उघडी टाकून धापा टाकत होती. दहा मिनिटांत तीही गेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात नॉनस्टिक आहे का?"

नॉनस्टिकचा लेप प्रमाणाबाहेर तापला की त्यातून विषारी वाफा निघतात. माणसाला सहसा फ्लूसारखा ताप येऊन जातो, पक्ष्याचं फुफ्फुस निकामी होतं. कारण पक्ष्याची श्वसनरचनाच वेगळी. त्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहते आणि श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना दोन्ही वेळा ताजी हवा फुफ्फुसातून जाते. उडायला लागणारा प्राणवायू असाच मिळतो, आणि विषही तितक्याच झटक्यात आत जातं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत ते यासाठीच. विषारी वायू माणसाला कळायच्या आधी पक्षी कोसळायचा. हाच लेप सँडविच मेकरला असतो, एअर फ्रायरला असतो, काही इस्त्र्यांच्या तळाला असतो. शिवाय मिरचीच्या फोडणीचा ठसका, कुकरची वाफ, बाहेर सुटलेला पक्षी आणि उकळतं तेल. मुंबई-पुण्यात, नाशिकच्या हिवाळ्यातसुद्धा, धडधाकट बजीला गॅसच्या उबेची गरज नसते. पिंजरा दिवाणखान्यात ठेवा, एसीच्या झोतात नको, दुपारच्या उन्हात नको. उदबत्ती, कापूर आणि डासांची कॉइलही त्या खोलीत नको. सात नियमांतला हा एकच खोडला गेला तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

मडक्याची गंमत अशी की तो नियम दुसऱ्याच पक्ष्याचा आहे. आफ्रिकेतल्या लव्हबर्डच्या काही जाती रात्री पोकळीत, घरट्यात झोपतात. बजी फांदीवर झोपतो. ढोलीत तो शिरतो ते फक्त अंडी घालायला. म्हणजे मडकं टांगलं की मादीला निरोप मिळतो, वीण करा. मग एकाआड एक दिवस अंडं, चार ते सहा अंडी, अठरा दिवस उबवणं, पिल्लं महिन्याभरात बाहेर येतात आणि मडकं तसंच टांगलेलं असल्यामुळे पुढची फेरी सुरू. अंगातलं कॅल्शियम संपलेल्या मादीचं अंडं अडकतं आणि ती मरते. पिल्लं वाढवायची नसतील तर मडकं आजच काढा. पक्षी त्या रात्रीही झोपतील.

गोल पिंजऱ्याने पक्षी वेडा होतो असंही एक उलट टोकाचं सांगतात, त्याला काही आधार मला सापडलेला नाही. पण गोल पिंजऱ्यात मागे सरकून निवांत बसायला कोपरा नसतो, घुमटाकडे सळ्या जवळ येत जातात आणि तिथे बोट किंवा नख अडकतं. उंचीची बजीला फार गरज नसते, तो वरच्याच दांडीवर बसतो आणि खालची जागा वाया जाते. सळ्यांमधलं अंतर मात्र बघाच, अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. वर सरकवायची दारं असली तर प्रत्येकाला चिमटा लावा, बजी ती चोचीने उचलतात आणि मानेवर पाडून घेतात. वेल्डमेशची जाळी आणून फॅब्रिकेटरकडून पिंजरा करून घेणार असाल तर ती जस्ताचा मुलामा दिलेली असते. व्हिनेगर लावून ब्रशने घासा, खळखळून धुवा, उन्हात वाळवा. पक्षी दिवसभर जाळी चघळतात, सुटलेलं जस्त पोटात जातं. परवडत असेल तर स्टेनलेस स्टील.

सँडपेपरने नखं झिजत नाहीत, तळवे सोलवटतात. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्याही नकोत, पायाच्या त्याच जागेवर भार येऊन फोड होतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या आणा, औषध न फवारलेल्या, करंगळीपासून अंगठ्याएवढ्या वेगवेगळ्या जाडीच्या. साल ठेवा, ती सोलण्यात त्यांचे दोन दिवस मजेत जातात. कण्हेर चुकूनही नको. वाट्या फांदीखाली येऊ देऊ नका, विष्ठा पडते. तळाला वर्तमानपत्र पुरतं.

आरसा? जोडी असेल तर गरजच नाही. एकटा असेल तर तो आरशातल्या पक्ष्याला घास भरवायला लागतो, रोज दाणे उलटून काढतो. त्याला सोबत दुसऱ्या बजीची द्या.

झाकण्याचं निम्मं बरोबर आहे. रस्त्यावरचा दिवा खोलीत येत असेल, घरात रात्री बारापर्यंत टीव्ही असेल, तर तीन बाजू पातळ सुती कापडाने झाका. चौथी हवेसाठी उघडी. जाड चादरीत उन्हाळ्याच्या रात्री पक्षी उकडून निघतो.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: पक्षी माणसाळल्यावर पिंजऱ्याबाहेर सोडायच्या आधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, काचांवर पडदा. पंख्याने गेलेले बजी मी ऐकलेत तेवढे मांजराने गेलेलेही ऐकले नाहीत.

ताईशी काल पुन्हा बोलले. आधी चिडली, मग तिने टेप घेतली. पिंजरा स्वयंपाकघरातून हलवलाय, मडकं काढलंय, तीन फुटी पिंजरा शनिवारी येतोय. "मग या गोल पिंजऱ्याचं काय करू, दुकानदार परत घेत नाही," म्हणाली. तिला म्हटलं, ठेव तो. डॉक्टरकडे न्यायला उपयोगी पडेल.